दादाचं नाक

आमच्या दादाच्या नाकाला आमच्या घरात एके काळी फार मान होता. तो दहा वर्षांचा असल्यापासून. बाबा कामावरून यायची वेळ झाली की आई त्याला जिन्यात उभं करायची. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हात सुरेख, अक्षर मोत्यासारखं, आणि दारू रोजची. ते वर येऊ लागले की दादा दोन पायऱ्या उतरून त्यांच्या हातातली पिशवी घ्यायचा, तेवढ्यात वास घ्यायचा आणि पाठीमागे हात करून आईला बोटं दाखवायचा. मूठ म्हणजे आज काही नाही. एक बोट म्हणजे थोडी झालीय, बोललं तरी चालेल. दोन म्हणजे ताट वाढ आणि गप्प राहा. तीन म्हणजे धाकटीला घेऊन शेजारी जा. ती धाकटी मी. दादा कधी चुकला नाही.

बाबा गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता आणि मी बारा. भेटायला येणारा प्रत्येक जण दादाच्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य म्हणायचा, ‘बापावर जाऊ नकोस म्हणजे झालं.’ मला कुणीच तसं म्हटलं नाही. मुलीच्या अंगात बापाचं रक्त उतरतच नाही, असा त्या सगळ्यांचा समज असावा. दादाने ते वाक्य इतकं मनावर घेतलं की दारू सोडाच, त्याने कधी विडी ओढली नाही, सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा तो वाचून बघायचा. मी त्याची टिंगल करायचे, पण खरं सांगायचं तर मला त्याचा आधार वाटायचा.

दादा फर्निचरला पॉलिश करतो. आधी जाड काचकागदाने घासायचं, मग बारीक कागदाने, भेगांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पुन्हा घासायचं, आणि मग थिनरने पातळ केलेल्या लॅकरचे हात द्यायचे, एकावर एक, मधे वाळायला वेळ देत. जुनी वस्तू आली तर लाख आणि स्पिरिट, तेही चिंधीच्या बोळ्याने, गोल गोल. त्याने हात फिरवलेल्या टेबलात तुम्ही तोंड बघून भांग पाडू शकता. वर्कशॉप तळमजल्यावर, घर वर, मधे आतूनच लाकडी जिना. म्हणजे ज्या माणसाने घरात दारूचा थेंब येऊ दिला नाही, त्याच्या घराखाली थिनरचे आणि स्पिरिटचे कॅन भिंतीला लावून ओळीने उभे होते. हे आज सांगताना माझंच डोकं फिरतं. तेव्हा आम्हा कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. ती कामाची वस्तू होती, घरात मीठ असावं तशी.

दोन-तीन वर्षांपूर्वी वहिनी गॅसवर दूध ठेवून खाली गेली आणि दादा तिथेच बसून पेपर वाचत होता. दूध उतू गेलं, करपलं, पातेलं काळं झालं, आणि हा क्रिकेटच्या पानावर. वहिनी ओरडत आली तेव्हा म्हणतो, ‘काय झालं?’ आम्ही पोट धरून हसलो. महिनाभर ते पातेलं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. एकालाही पुढचा विचार सुचला नाही, मी धरून. आणि मी तर दवाखान्याच्या जगात वावरणारी बाई.

दादाला दोन मुलं. मुलगा सतरा वर्षांचा, उंच म्हणून लंब्या. मुलगी पंधराची, ती मुंगी, कारण लहानपणापासून गप्प राहून काहीतरी करत असते. लंब्याला चौदावं लागलं त्या दिवसापासून दादाची जिन्यातली जुनी ड्यूटी पुन्हा सुरू झाली. रोज संध्याकाळी पोरगा खेळून आला की हा वरच्या पायरीवर हजर.

‘हां कर.’

‘बाबा, प्लीज.’

‘हां कर म्हटलं ना.’

पोरगा ‘हां’ करायचा. दादा डोळे मिटून हुंगायचा आणि ‘जा’ म्हणायचा. एकदा लंब्याच्या तोंडात पेपरमिंटची गोळी सापडली, तर तासभर चौकशी चालली. काय लपवतोयस? गोळी कशाला? कुणी दिली? त्याच्या मित्रांना हे कळलं आणि मैदानावर त्याला बघितलं की ते सगळे मिळून ‘हां’ करायला लागले. लंब्याने घरी लवकर येणं सोडलं, त्यामुळे दादाचा संशय बळावला. वहिनी दोघांच्या मधे पडायची आणि दोघांकडून ऐकून घ्यायची. संध्याकाळी सात ते आठ त्या घरात पाऊल ठेवू नये असं मला वाटायचं.

मी एका तपासणी केंद्रात रक्त काढते. वीस वर्षं झाली. मागच्या वर्षी एका सकाळी दादा लंब्याला दंडाला धरून माझ्या खुर्चीपुढे आला.

‘याचं रक्त काढ.’

‘चिठ्ठी कुठाय डॉक्टरांची?’

‘चिठ्ठी कसली डोंबलाची. त्यात आहे का बघ.’

‘काय आहे का?’

दादाने रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘बाबांचं.’

मागे अकरा माणसं उपाशीपोटी ताटकळत होती. मी त्याला सांगितलं की अशी तपासणी नसते. त्याला पटेना. शेवटी आमच्या मोठ्या डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी शांतपणे समजावलं. नशेची ओढ लागण्यात आई-बापांकडून आलेल्या गोष्टींचा वाटा असतो, पण ती अशी एक गोष्ट नसते की काचेखाली दिसेल. बारीकसारीक पुष्कळ असतात. त्या असूनही माणूस आयुष्यभर कोरडा राहू शकतो आणि नसूनही वाहवत जाऊ शकतो. घरात काय वातावरण आहे, हाताशी काय आहे, ते कोणत्या वयात हाताला लागलं, यावरही तेवढंच असतं.

‘म्हणजे आहे की नाही?’ दादाने विचारलं.

मी त्याच्या भाषेत सांगून पाहिलं. ‘तूच म्हणतोस ना, काही लाकूड जास्त पॉलिश पितं?’

‘पितंच. मऊ असलं की पितं.’

‘आणि त्याच्याजवळ कॅनच उघडला नाही तर?’

‘मग काय पिणार, कप्पाळ?’

‘तेच सांगतेय.’

दादाने बराच विचार केला. मला वाटलं, शिरलं डोक्यात. मग म्हणाला, ‘म्हणजे लंब्यावर आणखी लक्ष ठेवायला हवं.’ मी हात टेकले. लंब्या म्हणाला, ‘आत्या, तू रक्त काढच. सगळंच काढ. कटकटच मिटेल.’ रांगेतली माणसं हसली. मीही हसले. पुढचा नंबर पुकारला.

त्या अख्ख्या सकाळी मुंगीचं नाव कुणी काढलं नाही. काढायचं कारणच नव्हतं. ती गुणी मुलगी होती. वरच्या मजल्यावर सात वाजले की तोफा सुरू व्हायच्या, म्हणून ती पुस्तकं घेऊन खाली वर्कशॉपमध्ये जाऊन बसायची. दादाला कौतुक. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचा, ‘आमची मुंगी इथेच अभ्यास करते, तिला शांतता लागते.’ तिच्या तोंडाभोवती आणि नाकाखाली लालसर चट्टे उठायचे. डोकं दुखायचं. जेवण कमी झालं होतं. शाळेत एकदा चक्कर आली. वहिनीने मला विचारलं. मी रक्त काढलं, हिमोग्लोबिन जरा कमी निघालं, मी ऐटीत म्हटलं, ‘या वयात होतं,’ आणि चट्ट्यांसाठी मलम दिलं. एकदा नाही, दोनदा दिलं. दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडताना हे मलम मला आठवतं.

मग तो रविवार आला. दुपारी मी सहज गेले होते. वहिनीने चहा टाकला आणि म्हणाली, ‘खालून दोघांना हाक मारा.’ मी जिना उतरले. दादा एका मोठ्या दरवाजाला काचकागद मारत होता, तोंडाने गुणगुणत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, घसा धरला. मी म्हटलं, ‘अरे, केवढा वास!’ तो म्हणाला, ‘कसला वास? आज तर लॅकर उघडलंही नाही.’ आणि पुन्हा घासायला लागला.

मुंगीच्या टेबलावर भूगोलाचं पुस्तक उघडं होतं, खुर्ची रिकामी. भिंतीला टेकवलेल्या प्लायवुडच्या मागे ती जमिनीवर बसली होती. तोंडावर चिंधी घट्ट धरलेली. दादा ज्या चिंधीने पॉलिश करतो तसलीच. डोळे उघडे होते पण ते माझ्याकडे बघत नव्हते. तिच्यात आणि बापात सहा पावलांचं अंतर होतं. तो गुणगुणत होता.

मी किंचाळले असणार, कारण वहिनी धावत खाली आली. आम्ही तिला उचलून दारात हवेला आणलं. थोड्या वेळाने ती रडायला लागली, मग मला जरा धीर आला. दादाचं पहिलं वाक्य काय असावं? ‘लंब्याने शिकवलं असणार.’ लंब्या त्या वेळी सामना खेळायला दुसऱ्या शाळेत गेला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘कॅन कुणाचा आहे?’ मी विचारलं.

‘कसला कॅन? तिने काही घेतलेलं नाही. थांब, मी बघतो.’

आणि तो मुंगीसमोर उकिडवा बसला. ‘हां कर,’ म्हणाला. तिने केलं. त्याने डोळे मिटून हुंगलं, अगदी बाबांचा वास घ्यायचा तसं. मग सुटल्यासारखा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बघ. काही नाही. उगाच घाबरवतेस.’

मी ती चिंधी उचलली. ओली होती, माझे हात चुरचुरले. ती मी त्याच्या नाकाला लावली.

‘आता?’

दादाने हुंगलं. पुन्हा हुंगलं. चिंधी माझ्या हातातून घेतली, दाबली, बोटं ओली झाली ती बघितली, आणि तिसऱ्यांदा नाकाशी नेली.

‘काहीच येत नाही,’ तो म्हणाला. ‘मला काहीच येत नाही.’

पंचवीस वर्षं थिनरमध्ये काढून त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं. बाटलीभर ढोसून लंब्या समोर उभा राहिला असता तरी याला कळलं नसतं. तीन वर्षं रोज संध्याकाळी त्या पोराची अब्रू घेतली ती कशाच्या जोरावर, तर जे नाक उरलंच नव्हतं त्याच्या. मला दादाची कीव यायला हवी होती. आली नाही. संताप आला, त्याचा, वहिनीचा, स्वतःचा, त्या काळ्या पातेल्याचासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी मुंगीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, हे दारूपेक्षा सोपं वाटतं, पण यात हृदय एकाएकी थांबू शकतं. शंभराव्या वेळी थांबेल असं नाही, अगदी पुढच्या वेळीही थांबू शकतं. मुंगी मान खाली घालून ऐकत होती. मग समुपदेशन करणाऱ्या बाईंची वाट बघत आम्ही बाकावर बसलो.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘आठवीपासून. आधी नुसता वास आवडायचा.’ ती नखं कुरतडत होती. ‘मग वर भांडण सुरू झालं की घ्यायचे. ऐकू येतं, पण लांबून आल्यासारखं येतं.’

‘भीती नाही वाटली? बाबा तिथेच असायचे.’

‘बाबा दादाकडे बघायचे ना,’ ती म्हणाली. तिचा दादा म्हणजे लंब्या. ‘माझ्याकडे कोण बघत होतं?’

मग मी तिला आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. सव्वीस वर्षांची असताना एका निरोपाच्या पार्टीत मी एक ग्लास घेतला होता. एकच. बाकीच्या मुली खिदळत होत्या आणि मी घाबरले होते, कारण मला फार बरं वाटत होतं. आयुष्यभर आवळून बांधलेलं काहीतरी कुणी सैल केल्यासारखं. सकाळी जाग आली ती पुन्हा कधी मिळेल याच विचाराने. त्यानंतर मी कधी शिवले नाही. माझ्या खोलीत बाटली नव्हती आणि मी पंधरा वर्षांची नव्हते, एवढाच तुझ्यात-माझ्यात फरक, असं मी तिला म्हटलं. तिने पहिल्यांदा वर बघितलं. मग मी तिला जिन्यातल्या बोटांची गोष्टही सांगितली. मूठ, एक, दोन, तीन. ‘बाबा दहा वर्षांचे होते?’ तिने विचारलं.

घरी दादाने काय करावं? कॅनच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिळ्याला अडकवली. ‘लावलं कुलूप, झालं!’ मी म्हटलं, ‘झालं? आणि ही हवा?’ त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, बापाची जागा आहे, गिऱ्हाईक इथेच येतं, दोन महिन्यांचं काम अंगावर आहे. मी म्हटलं, ‘रक्ताचं तुला काही करता येत नाही रे, माझ्या बापाचं रक्त मीही बदलू शकत नाही. कॅनचं तर करता येतं ना?’ तो उठून गेला. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी लंब्याने फोन केला, ‘आत्या, बाबा सामान हलवतायत.’

लाकडाच्या वखारीमागे एक शेड मिळाली. दादा तिथेच काम करतो, तिथेच अंघोळ करतो, कपडे बदलून घरी येतो. तळमजला धुतला, भिंतींना चुना दिला. मुंगी दर मंगळवारी त्या बाईंकडे जाते. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. कसलं काय. तिची चिडचिड वाढली, झोप उडाली, एकदा तिने वहिनीच्या अंगावर पुस्तक फेकलं. आणि दादा? तो आता रोज संध्याकाळी घरभर फिरून नुसता श्वास ओढायचा, आंधळ्याने चाचपडावं तसा.

तीन आठवड्यांनी, एका संध्याकाळी मी तिथे होते. दादा वर आला आणि लंब्याला म्हणाला, ‘जरा खाली जाऊन बघ. वास राहिलाय का अजून? मला कळत नाही.’

लंब्या गेला, आला. ‘नाहीये.’

‘बरं. आता मुंगीचा घे.’

‘काय?’

‘तोंडाचा घे ना. मला येत नाही म्हणून तुला सांगतोय. मला नुसतं सांग, किती ते.’

तोच जिना, तेच काम, आणि आता हा पोरगा. बापाकडून काय आलंय याची रक्तात शोधाशोध करणारा माणूस हे स्वतःच्या हाताने पुढे देत होता, आणि त्याला पत्ताही नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात लंब्याच बोलला.

‘मी नाही घेणार. तीन वर्षं तुम्ही माझं तोंड हुंगलंत, बाबा. तेव्हा ती खाली होती.’ त्याचा आवाज फाटला. ‘आणि हुंगायचं कशाला? तिला विचारा ना.’

दादा माझ्याकडे बघत राहिला. विचारायचं कसं, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरात बाबांना कधी कुणी विचारलं नव्हतं. वास घ्यायचा आणि बोटं दाखवायची, एवढंच आम्ही शिकलो होतो. तो मुंगीच्या खोलीच्या दारापाशी गेला. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

‘मुंगे,’ तो म्हणाला. ‘आज... म्हणजे आज काही...’

पुढे त्याला येईना. मुंगीने माझ्याकडे पाहिलं. मग बापाकडे. मग तिने हात पुढे केला, पाठीमागे नाही, पुढे, आणि एक बोट वर केलं.

वहिनीने तोंडावर हात दाबला. दादाची मान सवयीने पुढे झाली, मुलीच्या तोंडाकडे. तिथे ती थांबली आणि मागे आली.

‘कुठे?’

‘शाळेत. चित्रकलेच्या खोलीत रंग पुसायच्या थिनरची बाटली असते.’ तिने दप्तर जवळ ओढलं. ‘दप्तरात आहे. मला एकटीला फेकता येईना.’

दादाने हात पुढे केला. तिने बाटली काढून दिली. इतकीशी बाटली. त्याने ती नाकाकडे नेली नाही, लंब्याकडे दिली आणि तिच्या शेजारी पलंगावर बसला.

‘उद्या पण विचारीन,’ दादा म्हणाला.

‘विचारा,’ मुंगी म्हणाली.